दारातला एस्टोनिया

एस्टोनिया या देशाबद्दल मला सगळं माहीत आहे, आणि माझ्या मुलीचं म्हणणं असं की सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

मी सिंगापुरात, तांजोंग पगारच्या एका बँकेत कम्प्लायन्समध्ये आहे. म्हणजे दुसऱ्यांनी भरलेल्या कागदांतल्या चुका शोधायच्या. बावीस वर्षं हेच करतोय. तारखेच्या जागी सही आणि सहीच्या जागी तारीख असलेला फॉर्म मला टेबलाच्या पलीकडूनच ओळखू येतो. (या गुणाचं घरात कोणालाही कौतुक नाही, ते सोडा.) राहायला क्लेमेंटीला, आठव्या मजल्यावर. घरात मी, बायको वृंदा, मुलगी केतकी, आणि त्या वेळी साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई.

केतकी जवळच्याच युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती. तिच्या लॅबमध्ये तानेल नावाचा एक उंच, पांढुरक्या भुवयांचा, अगदी कमी बोलणारा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झालेला संशोधक, होता. दलदलीत उगवणाऱ्या शेवाळावर त्याचं संशोधन. दोन वर्षं दोघं मिळून शेवाळ बघत होते, आणि एके रविवारी दोघांनी येऊन सांगितलं की आम्ही लग्न करतोय. मुलगा एस्टोनियाचा! वृंदाने त्याला जेवायला वाढून बघितलं. त्याने तीनदा आमटी मागून घेतली आणि आमच्या बाजूने प्रश्न मिटला.

प्रश्न होता तो तिकडच्या बाजूचा. तानेलचं इथलं काम संपत आलं होतं. एक नोकरी सिंगापुरातच मिळत होती आणि दुसरी तार्तूला, म्हणजे त्याच्या गावी. केतकीला इथे राहायचं होतं. आम्हाला तर ती इथेच हवी होती, एकुलती एक पोर! पण तानेलही एकुलता एक, आणि त्याची आई माले तिकडे एकटी. "आई एकदा येऊन तुम्हा सगळ्यांना भेटू दे. तिचं मन राजी झालं तर मी इथली नोकरी घेतो," असं तो म्हणाला होता. माले बाई आठवडाभरासाठी येणार होत्या आणि पहिल्याच संध्याकाळी आमच्याकडे जेवायला होत्या. मुलगी आमच्याजवळ राहणार की बर्फात जाणार, हे त्या एका जेवणावर ठरणार होतं.

केतकीने मला तिच्या सिंगापुरी इंग्रजीत आधीच बजावलं. "बाबा, प्लीज ला. नॉर्मल डिनर ओन्ली. नो स्पीच, नो सरप्राइझ. कॅन?"

"कॅन, कॅन," मी म्हणालो.

आणि लगेच अभ्यासाला बसलो! माणूस पहिल्यांदा घरी येणार आणि आपल्याला त्याच्या देशाची काडीचीही माहिती नाही, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. मी एक वही केली. राजधानी, बेटं, जंगलं, राष्ट्रगीत, झेंडा, पक्षी, फूल, सगळं तिच्यात उतरवलं. पंधरा दिवस मी रोज जेवताना घरच्यांची उजळणी घेत होतो.

"राष्ट्रीय पक्षी?"

"पाकोळी," वृंदा पोळी लाटता लाटता म्हणायची.

"फूल?"

"ते निळं. धान्याच्या शेतात उगवणारं."

"शाबास! दगड?"

"अगं बाई, दगडसुद्धा?" आईने विचारलं.

"हो. चुनखडी. राष्ट्रीय दगड आहे त्यांचा."

"बिचारे," आई म्हणाली. "मोजत मोजत दगडापर्यंत आले."

झेंडा आईला मी चित्र काढून दाखवला. तीन आडवे पट्टे: वर निळा, मध्ये काळा, खाली पांढरा. निळं आकाश, काळी माती, पांढरा बर्फ. आई चित्राकडे बराच वेळ बघत राहिली आणि तेव्हाच माझ्या डोक्यात ती कल्पना आली. आईच्या रांगोळीला साताऱ्यात मोठा मान आहे. तिच्या रेघा दोरा धरून मारल्यासारख्या सरळ येतात. विहीणबाई लिफ्टमधून बाहेर पडणार आणि आठव्या मजल्यावर, हजारो मैलांवर, परक्या दारात बघतात तर काय, स्वतःच्या देशाचा झेंडा! बाईंच्या डोळ्यांत पाणी येणारच, अशी माझी खात्री होती. (ती खरी ठरली. फक्त कारण वेगळं निघालं.)

त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. लिटल इंडियातून, म्हणजे इथल्या भारतीय बाजारातून, निळ्या, काळ्या आणि पांढऱ्या रांगोळीच्या पुड्या आणल्या. चार वाजता आईने पदर खोचला.

"कडेने चार स्वस्तिकं घालते," ती म्हणाली.

मी तिचा हातच धरला. "आई, स्वस्तिक अजिबात नाही!"

"का? गणपतीने काय वाकडं केलंय त्यांचं?"

मग मी तिला वीस मिनिटं युरोपचा इतिहास सांगितला. आई शेवटी कमळांवर तयार झाली. मला इतकं बरं वाटलं! एखाद्या अडाणी माणसाच्या हातून केवढा अनर्थ झाला असता आणि मी तो किती शिताफीने टाळला, असं मनाशी म्हणत मी वृंदाकडून स्वतःसाठी चहाही करून घेतला. चहा पिऊन बाहेर येतो तर आई काळी पुडी चिमटीत धरून बसलेली. मेलेला उंदीर धरावा तशी.

"ही कशाला आणलीस?"

"मधल्या पट्ट्याला."

"काळी? दारात? अरे सतीश, सोयरीक जुळायचीय आज, तेराव्याचं जेवण नाहीये!"

"आई, त्यांचा झेंडाच तसा आहे."

"असू दे. माझ्या हाताने मी शुभकार्याच्या दारात काळं घालायची नाही."

वृंदा माझ्या मदतीला धावली. "आई, मंगळसूत्रात काळे मणी असतातच की. संक्रांतीला आपण काळी साडी नेसतो."

"ते नजर लागू नये म्हणून," आई म्हणाली. "देशाला कुठे नजर लागते?"

साडेपाच वाजले होते. निळा पट्टा सुरेख भरून झाला होता, पांढराही झाला होता. मधली जागा रिकामी. पाहुणे पाऊण तासात येणार होते. आईने पुडी बाजूला ठेवली, देवघरातला कुंकवाचा मोठा डबा आणला आणि म्हणाली, "मध्ये कुंकू भरते. याहून शुभ काही नाही."

इथे मला आईला दोष देता येत नाही, म्हणून तर जास्त लागतं. माझ्या वहीत सगळं होतं. जवळजवळ अर्धं शतक त्या देशावर लाल झेंड्याचं, म्हणजे सोव्हिएत रशियाचं, राज्य होतं, आणि निळा-काळा-पांढरा झेंडा नुसता घरात सापडला तरी माणसाला उचलून नेत, हे मी स्वतःच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं. पण स्वस्तिकाची लढाई नुकतीच जिंकली होती आणि दुसरी लढायचा कंटाळा आला होता. मी, बावीस वर्षं लोकांच्या चुका पकडणारा माणूस, काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "भर. लांबून काय कळतंय!"

सव्वासहाला लिफ्ट उघडली. पुढे केतकी, मागे तानेल, आणि मध्ये पांढऱ्या सुती झग्यातल्या, आखूड केसांच्या, सत्तरीकडे झुकलेल्या माले बाई. चेहरा उन्हाने लाल झालेला, पण हसतमुख. मी फोनवर राष्ट्रगीत लावलं आणि छातीवर हात ठेवून ताठ उभा राहिलो. समोरचा चिनी शेजारी कपडे वाळत घालता घालता थांबला.

तानेल कानोसा घेत म्हणाला, "अंकल, हे फिनलंडचं आहे."

"काय?"

"दोन्ही देशांची चाल एकच आहे. शब्द वेगळे. हे शब्द फिनलंडचे."

"बाबा!" केतकी दात आवळून म्हणाली.

पण माले बाई खळखळून हसल्या! त्या आपल्या भाषेत काहीतरी बोलल्या आणि तानेलने सांगितलं, "आई म्हणते, शेजारी आहेत, चालतं." काय मोकळी बाई होती! सगळं इथे थांबलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. पण मी ते भाषण पाठ केलं होतं.

मी खाली रांगोळीकडे हात केला आणि इंग्रजीत, स्पष्ट आणि खणखणीत आवाजात, सुरू झालो. "निळा म्हणजे तुमचं आकाश!" बोट निळ्यावर. "काळा म्हणजे तुमची माती!" बोट कुंकवावर. "आणि पांढरा म्हणजे..."

बाईंचं हसू गेलं. त्या वाकून बघत राहिल्या. आकाश आणि बर्फ यांच्या मधोमध, हातभर रुंद, लालभडक पट्टा. त्या हळू आवाजात एक शब्द बोलल्या. तानेलने त्याचं भाषांतर केलं नाही.

"बाबा," केतकी म्हणाली, "व्हाय गॉट रेड?"

खरं सांगायला एक मिनिट लागलं असतं. आमच्याकडे असा असा समज आहे, आईचा मान राखला, चुकलं, माफ करा. एवढंच! पण माझ्या तोंडून निघालं, "काळी रांगोळी मिळालीच नाही. पूर्ण लिटल इंडियात संपली होती."

आईला इंग्रजी फारसं येत नाही, पण 'ब्लॅक' आणि 'फिनिश्ड' तिला येतं. मुलगा अडचणीत आहे एवढं तिला कळलं. ती लगबगीने आत गेली आणि न फोडलेली पुडी घेऊन बाहेर आली. "अरे, संपली कुठे? ही काय आख्खी पुडी!" आणि तिने ती माले बाईंच्या डोळ्यांसमोर धरली, नीट दिसावी म्हणून.

समोरच्या शेजाऱ्याने एक ओला शर्ट अतिशय सावकाश झटकला.

मी पुडी हिसकावली. गुडघ्यांवर बसलो, दातांनी पुडी फाडली आणि कुंकवावर काळा रंग टाकायला लागलो. तेवढ्यात गॅलरीतून वारा आला. काळी भुकटी निळ्यात गेली, पांढऱ्यात गेली, बाईंच्या झग्याच्या काठावर गेली. मी हाताने ती सारखी करायला लागलो, तसा काळा आणि लाल मिळून वाळलेल्या रक्तासारखा रंग झाला. मी आणखी पसरवलं. झेंड्यावर माझ्या पंजाचे ठसे उठले!

बाई खाली वाकल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "नो," त्या म्हणाल्या. "प्लीज. नो मोर." तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता नवीनच पेच. आमच्या घराला दार एकच, आणि झेंडा दारभर. ओलांडून या म्हणावं तर झेंड्यावरून पाय न्यायचा. बाई जागच्या हलेनात. वृंदा घाबरून आत धावली आणि केरसुणी घेऊन आली. ती नुसती दिसली तशी केतकी किंचाळली, "आई, नॉट द ब्रूम!" पायाने नाही, केरसुणीने नाही, आणि हाताने काय होतं ते मी दाखवून दिलं होतं. मी तिथे काळ्या-लाल हातांनी उकिडवा बसलेला. इतक्या वर्षांत इतका मूर्ख मी कधीच दिसलो नसेन.

"अरे, पाय कसा देतील त्या?" आईच म्हणाली. "आपण देतो का आपल्या झेंड्यावर?" तिने ओवाळायचं तबक आणलं, त्यातलं निरांजन काढून बाजूला ठेवलं आणि गुडघे दुखत असताना खाली बसली. माले बाईही बसल्या. त्या दोघींनी ओंजळींनी ती सगळी रांगोळी तबकात भरली आणि दारातल्या मोगऱ्याच्या कुंडीत मातीवर ठेवली. आईने नमस्कार केला. बाईंनीही तिचं बघून हात जोडले. मग दोघी एकमेकींना धरून उठल्या आणि आत आल्या.

इतकं होऊनही वाचलो असतो. बाईंनी हात धुतले, पुरणपोळी आवडीने खाल्ली, वृंदाला कृती विचारली. आईने त्यांच्या पानात न विचारता तूप वाढलं तेव्हा त्या हसल्यासुद्धा. मला मात्र शांतता सहन होईना. माझी चूक भरून काढायची म्हणून मी वहीतलं एकेक काढून सांगू लागलो. तुमची बेटं दोन हजारांवर आहेत! निम्मा देश जंगल आहे! तुमचा पक्षी पाकोळी! बाई मान हलवत होत्या. स्वतःचाच देश त्यांना मी ताटावर वाढत होतो.

मग त्यांनी चमचा खाली ठेवला आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत, माझ्याकडे बघून सुरुवात केली. "माय फादर... इन द पिलो..."

"हो हो, मला माहीत आहे!" मी म्हणालो. "झेंड्यावर बंदी होती ना? लोक लपवून ठेवायचे! आणि मग तो पुन्हा राजधानीत, टाल्लीनच्या बुरुजावर चढवला! मी सगळं वाचलंय!"

बाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. "येस," त्या म्हणाल्या. "यू नो." आणि त्यांनी चमचा उचलला.

त्यानंतर त्या आठवडाभर सिंगापुरात होत्या. एकदा आईला बागेत घेऊन गेल्या, वृंदासाठी शाल ठेवून गेल्या. माझ्याशी नेहमी नम्रपणे बोलल्या. त्या गेल्यावर दहा दिवसांनी तानेलने तार्तूची नोकरी घेतली.

मी केतकीला विचारलं, "रांगोळीमुळे?"

"नॉट द रांगोळी, बाबा. रांगोळीला त्या नंतर हसल्या. आजी तर त्यांना खूपच आवडली."

"मग?"

तिला सांगायचं नव्हतं. मी मागेच लागलो तेव्हा म्हणाली, "त्या तानेलला म्हणाल्या, चांगली माणसं आहेत. मुलीच्या वडिलांना माझ्याबद्दल सगळं माहीत आहे. पण त्यांनी मला काहीच विचारलं नाही. एवढंच. मग तानेलला आईला तिथे एकटं ठेवायचं जिवावर आलं."

उशीची गोष्ट मला केतकीकडूनच कळली. माले लहानपणी ज्या उशीवर झोपायच्या, त्या उशीत त्यांच्या वडिलांनी तो झेंडा शिवून ठेवला होता. पोरीला सांगितलं तर शाळेत बोलेल म्हणून सांगितलं नव्हतं. सगळं लहानपण त्या त्यावर डोकं ठेवून झोपल्या आणि त्यांना पत्ता नव्हता. वडील गेले. पुढे बंदी उठली त्या दिवशी त्यांच्या आईने कात्री आणून उशी उसवली आणि पिसांमधून तो बाहेर निघाला. हे त्या मला सांगणार होत्या. परक्या देशात, परक्या टेबलावर, नुकतंच ज्याने त्यांच्या झेंड्यावर पंजे उठवले होते त्या माणसाला! आणि मी त्यांना अर्ध्या वाक्यात अडवलं, कारण मला सगळं माहीत होतं.

लग्नात मी त्यांच्या भाषेत माफी मागितली. शब्द पाठ करून गेलो होतो. त्यांनी माझा हात थोपटला. उशी कुठल्या रंगाची होती, हे मला विचारायचं होतं; पण भोवती पाहुणे होते, फोटो काढायचे होते, आणि ते राहूनच गेलं. आता वर्षातून एकदा आम्ही मुलीला भेटायला जातो. बाकी दिवस फोनवर. तिकडे सकाळ असते तेव्हा आमची दुपार उलटत असते, आणि वृंदा फोन ठेवला की थोडा वेळ स्वयंपाकघरात उगीच भांडी लावत बसते.

माझ्या वहीत एक माहिती होती, ती त्या संध्याकाळी सांगायची तेवढी राहून गेली. एस्टोनियाची लोकसंख्या आपल्या पुण्याच्या निम्मीसुद्धा नाही, आणि ती वाढावी म्हणून तिथली मंडळी फार काळजीत असतात. मी माझ्याकडून एक माणूस दिला आहे.